उजव्या हाताची करंगळी

मूर्खपणा सगळेच करतात हो. पण ब्रश घेऊन, रंग लावून केलेला मूर्खपणा पाहाचा असंल तर माझा पाहा. बसा, चहा सांगतलाच आहे.

मी ब्रह्मपुरीचा पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकामागचे मोर, सगळं रंगवतो. पोलिओची मोहीम जोरात होती तेव्हाची गोष्ट. ‘बाळाला डोस पाजा’ असं गावभर भिंतीवर लिहिलं ते मीच. अन् डोस राह्यला होता तो माझ्याच पिंकीचा.

काऊन? मागं सुई दिल्यावर तिले ताप चढला, आकडी आली. लई वर्षांनी झालेली पोरगी. तेव्हापासून दवाखाना दिसला की मी रस्ता बदले.

रिक्षावर भोंगा फिरे. टपरीवर लोक विचारत, “पेंटर, भिंतीले सांगतेस, घरी काऊन नाई?” घरी बायको, सुमन, बोलेनाशी झाली. माय नुसती पाहात राहे.

शेवटी रविवारी म्हटलं, “आणतो पाजून.” पोरीले कडेवर घेऊन निघालो. बूथ दिसला, पण पाय तिकडं वळेचना. सरळ दुकानात गेलो, पिंकीले समोर बसवलं अन् ब्रशनं तिच्या करंगळीवर खूण केली. डोस घेतलेल्या पोराले बूथवर करतात तशीच. घरी सुमननं ती खूण पाहिली अन् किती दिवसांनी माझ्यासंग बोलली.

दुसऱ्या दिवशी नर्स शबानाबाई घरोघरी तपासत आल्या.

“पेंटरभाऊ, कोणत्या बूथवर पाजला?”

“बसस्टँडच्या.”

“तिथं तर मीच होती.” त्यांनी पिंकीचा हात धरला. “अन् आम्ही डाव्या करंगळीले खूण करतो. ही तर उजवी आहे.”

पोरगी समोर बसली होती ना! माझ्या डाव्या बाजूले तिचा उजवा हात.

सुमननं मान खाली घातली. माय उठली. माझ्या धाकट्या भावाचा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला.

“तुया भावाले मी चौथीपर्यंत खांद्यावर शाळेत नेलं,” माय म्हणाली. “तवा हे औषध घेऊन कोणी दारी आलं असतं, तर मी पाया पडली असती.”

“त्या सुईच्या वेळेसारखी पुन्हा आकडी आली तर, माय?”

उत्तर शबानाबाईंनी दिलं. “भेव वाटते, तर मले सांगाचं होतं. आकडी सुईच्या तापानं आली होती. हे थेंब आहेत. तरी संध्याकाळी मी येऊन पाहून जाईन.”

मी पिंकीले मांडीवर घेतलं, तिची हनुवटी धरली. तिनं थेंब गिळले, ओठ चाटले अन् अजून पाहिजे म्हणून परत आ केला. मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

शबानाबाई म्हणाल्या, “पेंटरभाऊ, दोन थेंब पोरीच्या तोंडात टाकले. तुमच्या डोळ्यातून काऊन येऊन राह्यले?”