कौसाबाईची पाणीपट्टी

हळदीचं बेणं निवडत आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. सडकं एकीकडे, चांगलं एकीकडे. मध्येच कौसा उठली, पदर डोक्यावर घेतला. मी म्हणालो, "ऊन तरी उतरू दे."

"ऊन उतरलं की माणसं पारावर पळतात, घरी सापडत न्हाईत. निवडा तुमी, मी आलेच."

कौसाबाई माझी बायको, गावची सरपंच. आमचं गाव कुरुंद्याच्या बाजूचं, लहानसं. बाईची जागा निघाली म्हणून तिला उभं केलं. सह्या करील अन् गप बसेल, असं गावाला वाटलं. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू?

पाण्याच्या मोटारीचं वीजबिल मागच्या कितीक सरपंचांपासून थकलेलं. ऐन उन्हाळ्यात वीज तोडली. नळ बंद, बाया घागरी घेऊन मळ्यातल्या विहिरीवर. पहिला हप्ता भरला तरच वीज जोडणार होते. कौसा ग्रामसभेत म्हणाली, "माठ गळका असला की नुसतं भरून भागत न्हाई, अन् नुसतं बुजवून तहान जात न्हाई. खर्चबी कापू, पट्टीबी वाढवू."

पहिला कापला तो माझा पगार. नळ सोडायचं काम माझ्याकडे होतं. मी तापलो, "मला इचारायचं तरी!"

"नळाला पाणी न्हाई, तुमी काय वारा सोडता का? घरातलं कापलं तरच लोकाच्या दारात मान वर करून जाता येतं."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ते दोन दिवस आता कुठून आणू?

मग तिने मेंबरांचा चहा-नाष्टा कापला, जत्रेतला ऑर्केस्ट्रा कापला. पुढारी चिडले. पट्टी वाढवली, बाकीचे चिडले. सर्जेराव पारावरून ओरडला, "वहिनी, वरचं सरकार एवढालं कर्ज काढून राहिलं, त्याला कोणी इचारत न्हाई. तुमालाच काहून घाई?"

"भाऊजी, ते कर्जबी आपल्याच नातवंडांच्या मानगुटीवर बसणार हाय. ते आपल्या हातात न्हाई. हे हाय."

पारावरचे फिदीफिदी हसले. ती रोज दारोदार फिरली. जिथं जाईल तिथं एकच, "उद्या बघू, काकू."

त्या दुपारी बेणं टाकून उठली ती सर्जेरावच्याच ओट्यावर टेकली. पाणी मागितलं. तांब्या बाहेर येईस्तोवर गेली.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मातीला अख्खं गाव आलं. "अशी बाई पुन्हा होणार नाही," म्हणत होते. मी एकेकाचं तोंड बघत होतो. त्यातल्या एकानेही पट्टी भरली नव्हती.

सुतकातला माणूस कोणाच्या दारात जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. सर्जेरावच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. त्याची बायको घाबरली.

"अवो दादा, सुतकात कुठं निघालात? लेकराबाळांचं घर हाय आमचं."

"मी आत येत न्हाई, बाई. ग्रामसेवक पंचायतीत बसलाय. सर्जेराव पट्टी भरायला निघाला, की मी पुढच्या दारात जातो."

मी तिथंच मातीत बसकण मारली.