आक्कांचा हात हलला नव्हता

कुठलीही गोष्ट नखाने खरवडून बघितल्याशिवाय ती घट्ट झाली असं आक्का मानत नसत. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया असोत, गुऱ्हाळातून आलेली गुळाची ढेप असो, नाहीतर भिंतीचा नवा गिलावा. आमच्या दवाखान्याची पायरी नव्याने बांधली तेव्हा गवंडी म्हणाला, "वाळलं बघा आक्का, या आता खुशाल." आक्का वाकल्या, कडेला अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाल्या, "तुज्या डोळ्याला वाळलंय. माज्या नखाला न्हाय." त्यांनी दोन दिवस पायरीवर पाय ठेवला नाही. मी पहिल्याच संध्याकाळी ठेवला. माझ्या सँडलचा ठसा त्या पायरीवर अजून आहे.

इंदापूरचा हा दातांचा दवाखाना आधी मोठ्या डॉक्टरांचा होता. ते थकले आणि मुलीकडे राहायला गेले. मी बारामतीची, नुकती पदवी घेतलेली. खुर्ची, कॉम्प्रेसर, निळा दिवा आणि आक्का असं सगळं एकदमच माझ्याकडे आलं. आक्कांचं गाव नरसिंहपूरच्या अलीकडे. लग्नानंतरची काही वर्षं त्या मेंढरांमागे पायी हिंडल्या होत्या. पुढे कळप विकला, थोडी जमीन घेतली आणि घरात रोख पैसा यावा म्हणून त्या दवाखान्यात झाडलोट करायला आल्या. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना हळूहळू सगळं शिकवलं. मी आले तेव्हा त्यांना तिथे वीसेक वर्षं झाली होती आणि मला पदवी मिळून तीन आठवडे.

पेशंटला खुर्चीत बसवावं तर आक्कांनीच. मिशा पिळत आलेला माणूस सुई बघून पांढरा पडला की त्या त्याच्या कपाळावर तळवा ठेवायच्या. "आ करा तात्या. ऊस खाताना करताय तेवढाच करा, जास्ती नगं." तात्या हसायचे, आणि हसताना तोंड उघडायचंच. गावोगावच्या बायका मला नाही, आक्कांना विचारत यायच्या. हे मला खुपायचं. आज लिहायला लाज वाटते, पण खुपायचं.

त्यांचं खरं काम दिवा धरण्याचं. दाताच्या रंगाचं फिलिंग आम्ही दातात भरतो तेव्हा ते मळलेल्या कणकेसारखं मऊ असतं. निळ्या दिव्याचा प्रकाश पडला की काही सेकंदांत दगडासारखं होतं. पण तो प्रकाश पुरेसा जोरकस हवा, जवळून हवा, सरळ हवा आणि पुरेसा वेळ हवा. नाहीतर वरचा थर कडक होतो आणि तळ तसाच कच्चा राहतो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. आक्का कोपर खुर्चीच्या हाताला टेकवायच्या, करंगळी पेशंटच्या गालावर ठेवायच्या आणि मोठ्याने आकडे मोजायच्या. त्यांचा हात तसूभर हलत नसे. एकदा मी कौतुकाने बोलले, तर म्हणाल्या, "कोकराला औशिद पाजताना हात हलला तर औशिद छातीत जातं, मॅडम. कोकरू मरतं. तवापास्नं सवय हाय."

दर सोमवारी सकाळी पेशंट यायच्या आधी त्या एक उद्योग करायच्या. सरबताच्या नळीचा छोटा तुकडा कापायचा, त्यात ते मऊ फिलिंग ठासून भरायचं, वरून दिवा धरायचा. मग नळी चिरून खालचा कच्चा भाग पात्याने खरवडून टाकायचा. उरेल ती कडक कांडी. ती चिकटपट्टीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या सोमवारच्या चौकोनात चिकटवायची. कांडी उंच म्हणजे दिव्याचा जोर शाबूत. हे मोठ्या डॉक्टरांनी शिकवलेलं. पेशंट ते कॅलेंडर बघून विचारायचे, "आक्का, हे कुणाचे दात?" त्या सांगायच्या, "दिव्याचं."

त्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी आक्का डबा खायला मागे गेल्या होत्या. मी फोनवर बोलत एका हाताने दिवा स्टँडवर ठेवायला गेले आणि तो हातातून निसटून फरशीवर पडला. उचलून बटण दाबलं, निळा उजेड आला. ज्या काचेच्या दांडीतून प्रकाश दातावर पडतो, तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी कपची उडाली होती. मी त्या जागेवर बोट फिरवलं, नवं प्लॅस्टिकचं कवच चढवलं आणि दिवा जागेवर ठेवला. खोलीत कुणी नव्हतं. कुणी असतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

पुढच्या सोमवारी आक्का कांडी तळहातावर घेऊन आल्या. "मॅडम, दिवा कमी पडतोय. ही बघा."

"उजेड तर नेहमीसारखाच आहे, आक्का."

"उजेड हाय. जोर न्हाय. वर कडक लागतंय, खाली न्हाय झालं."

मी म्हणाले, "कंपनीने वीस सेकंद सांगितलेत, आपण वीस देतो. नळ्या कापून दवाखाना चालत नसतो." त्यांनी कांडी कॅलेंडरवर चिकटवली. त्यापुढच्या सोमवारी पुन्हा सांगितलं, आणि त्यापुढच्याही. शेवटी मी ते कॅलेंडरच उतरवायला लावलं. म्हटलं, पेशंटसमोर घाण दिसतं. आक्कांनी गुंडाळी केली आणि कपाटात ठेवली. नळीची ही चाचणी मी स्वतः कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला परीक्षेत आकृती काढून लिहिली होती. चांगले मार्क पडले होते. पण चौथी शिकलेल्या बाईच्या हातात ती मला ओळखू आली नाही. की ओळखायची नव्हती, कोण जाणे.

त्याच महिन्यात सोनाली आली होती. वीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे उठून उसाच्या बांधावरून पळायची. तिच्या खालच्या दाढेत खोल कीड होती. मी साफ केली, फिलिंग भरलं, आक्कांनी दिवा धरला. वीस सेकंद झाले तरी आक्कांनी तो काढला नाही. मी म्हणाले, "बास, आक्का." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दिवा काढला.

तीन महिन्यांनी तिचे वडील, आबा, तिला घेऊन आले. गाल कानापर्यंत सुजलेला, अंगात ताप. आदल्या दिवशी तिची मैदानी परीक्षा होती. ती जाऊ शकली नव्हती. आबा दारातूनच बोलले, "दोन वर्सं पळतीया पोरगी माजी. तुमच्या एका दाढंनं सगळं पाण्यात गेलं." बाहेर बाकावर पाचसहा पेशंट बसले होते. सगळे ऐकत होते.

मी दाढ उघडली. वरचं कवच कडक होतं. ते फुटलं तसं ड्रिल एकदम आत गेलं. खाली सगळं मऊ, कच्चं. त्या क्षणी मला कळलं. कपची, कांड्या, "बास, आक्का", सगळं कळलं. पू काढला, गोळ्या लिहिल्या. आबा पुन्हा म्हणाले, "आमाला सांगा तर, झालं काय?"

आणि मी म्हणाले, "दिवा धरताना आक्कांचा हात हलला असेल. वय झालंय आता त्यांचं."

आक्का ट्रे पुसत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पेशंटला सुई टोचण्याआधी बघायच्या तसं, हिला किती सोसवेल याचा अंदाज घेत. मग सोनालीजवळ गेल्या. "व्हय पोरी. हलला आसंल माजा हात. चुकलं."

पेशंट गेल्यावर मी काही बोलू बघत होते. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "ऱ्हाऊ द्या. डॉक्टरवरचा इस्वास गेला तर लोक परत दात दुखला की तंबाखू चोळत घरी बसत्याल. ईस वर्सं लागली त्यास्नी ह्या खुर्चीवर आणायला. बाईचा हात हलला म्हटलं तर बाई बदलता येती." दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. पण फिलिंगची वेळ आली तेव्हा दिवा त्यांनी माझ्या हातात दिला. "धरा तुमी." महिनाभर तसंच चाललं. मग गुडघे दुखतात म्हणून त्या यायच्या बंद झाल्या. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

उन्हाळ्यात एक माणूस नवा दिवा विकायला आला. त्याच्याकडे प्रकाशाचा जोर मोजायचं छोटं यंत्र होतं. त्याने आमचा दिवा त्यावर धरला, आकडा बघितला आणि हसला. "मॅडम, हा नुसता दिसायला निळा आहे. निम्मासुद्धा जोर नाही याच्यात." तो गेल्यावर मी कपाटातली गुंडाळी काढून टेबलावर पसरली. दिवाळीपर्यंतच्या कांड्या तुरीच्या दाण्याएवढ्या उंच, एकसारख्या. नंतरच्या सोमवारी एकदम निम्मी. त्यानंतरच्या सगळ्या तशाच. माझी तारीख, माझी दुपार तिथे चिकटवलेली होती.

मी नवा दिवा घेतला. त्या काळातल्या पेशंटांना फोन करकरून बोलावलं आणि त्यांची फिलिंगं बदलली. त्यांना काय सांगितलं? "आता नवीन, चांगलं मटेरियल आलंय." लोकांनी माझे आभार मानले.

त्यानंतर मी आक्कांकडे गेले. अंगणात त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सुनेला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. मी खालीच बसले. म्हणाले, "आक्का, दिवा माझ्या हातून पडला होता. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"ठावं हाय."

"कसं?"

"कवच काढून पुसताना कपची उडालेली बोटाला लागली. म्हटलं, मॅडम सांगत्याल."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की. दर सोमवारी."

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. शेंगा फोडत राहिल्या. थोड्या वेळाने विचारलं, "त्या पोरीला सांगितलं का?"

"नाही."

"मंग मला काय सांगताय? मला ठावंच होतं."

सोनालीच्या घरी जायला मला त्यानंतरही दीड महिना लागला. रोज बारामतीहून निघताना ठरवायची, आज जायचं. रोज काहीतरी आडवं यायचं, आणि आडवं आलं की बरं वाटायचं. शेवटी एका रविवारी गेले. आबा गोठ्यात होते, हात धुऊन आले. सोनालीने पाणी आणलं. मी ग्लास हातात धरून सगळं सांगितलं. दिवा पडला ते, आक्कांनी सांगितलेलं ऐकलं नाही ते, आणि त्यांच्यावर ढकललं ते.

आबा उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "आक्का हितं दोनदा येऊन गेल्या. पोरीचं हात धरून माफी मागितली. म्हणाल्या, चूक माजी हाय, डॉक्टरीणबाईची न्हाय, दाढंचं फुडलं काम त्यांच्याकडूनच करून घ्या. म्हणून आलो आमी तुमच्याकडं परत. न्हायतर तुमच्या दारात पाऊल ठेवणार नव्हतो मी."

मी सोनालीकडे बघितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं मॅडम. त्यांचं बोट माझ्या गालावर होतं की. हात हलला नव्हता."

"मग तू बोलली का नाहीस?"

"त्याच म्हणाल्या ना, हलला म्हणून. त्यांना कसं खोटं पाडायचं?"

पुढच्या भरतीत ती उतरली आणि थोडक्यात राहिली. आदल्या वर्षी पळाली असती तर काय झालं असतं, कुणी सांगू शकत नाही. आता ती लोणी देवकरला एका कारखान्यात कामाला जाते. रस्त्यात दिसली की हात करते. मीही करते, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहते.

तिला सांगून आल्याचं मी आक्कांना फोन करून कळवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं." परत कामावर या म्हटलं तर हसल्या. गुडघे खरंच दुखत होते म्हणाल्या. पुढच्या थंडीत सुनेचा फोन आला, आक्का सकाळी गेल्या.

मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. मी मागे, कुंपणाच्या कडेला उभी राहिले. सुनेने मला बघितलं आणि बायकांना म्हणाली, "सरका जरा. आमच्या आत्याबाईंच्या मॅडम आल्यात. लय नाव काढायच्या त्यांचं." बायका भराभर उठल्या. एका म्हातारीने आपली जागा मला दिली, अगदी आक्कांच्या उशाशी. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते इतक्या लोकांसमोर कसं सांगणार? मी पुढे जाऊन बसले.