चाकांचा दांडा

गेली साठ वर्षं मी एक गोष्ट सांगत आलो. लग्न झाल्यावर बायकोला सांगितली, मग मुलाला, आणि इथे सिंगापूरला मुलाकडे राहायला आल्यावर नातीला. नात आता पंधरा वर्षांची आहे. मी तोंड उघडलं की इथल्या पोरांच्या बोलीत म्हणते, "आजोबा, सेम स्टोरी, लाह!" म्हणू दे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण पेटत्या विमानातून जिवंत माणूस मी या दोन हातांनी बाहेर ओढलाय. तिच्या वर्गात कुणाच्या आजोबाने ओढलाय?

मी फौजेच्या विमानतळावर आगीच्या बंबावर होतो. बासष्टच्या लढाईनंतरचा काळ, नव्या जातीची लढाऊ जेट विमानं तळावर नुकतीच आली होती. वर आभाळात ती राजासारखी वाटायची. भीती असायची ती उतरताना. कुणाचा टायर फुटायचा. कुणी धावपट्टी संपली तरी थांबायचा नाही, थेट पलीकडच्या ज्वारीत. एकाचं पुढचं चाक दुमडलं आणि तो नाक घासत आमच्या बंबापर्यंत आला होता. विमान टेकेपर्यंत बंबात कुणी बोलायचं नाही, असा आमचा रिवाज. टेकलं की मग विडी पेटायची.

त्या दिवशी एक विमान धूर सोडत आलं. चाकं बाहेर नव्हतीच. पोटावर आपटलं, ठिणग्या उडवत गेलं आणि आडवं होऊन थांबलं. मी पहिला पोचलो. वरची काच मागे सारली, आतल्या वैमानिक साहेबाचे पट्टे कापले, ओढलं, तर माणूस येईना. डावा गुडघा एका दांड्याखाली अडकलेला. दांडा चाकांचा होता आणि तो खाली ओढलेला होता. खाली म्हणजे चाकं सोडलेली. मी तळहाताने तो वर लोटला, गुडघा सुटला, साहेब बाहेर आला. आम्ही वीस पावलं गेलो असू, तोच मागे भडका झाला. बंबाने तो लगेच विझवला.

दांडा मी गोष्टीत कधीच घेतला नाही.

चौकशीवाल्यांना तो वर सापडला. म्हणजे साहेब चाकं सोडायला विसरला, असं ठरलं. साहेब दवाखान्यातून सांगत राहिला, "मी दांडा ओढला होता, इंजिन मेलं म्हणून चाकं उतरली नाहीत." कोण ऐकतो? आमच्या कामाचा नियम होता, आत ज्याला ज्याला हात लागला ते सगळं सांगायचं. मला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून माझी जबानी कॉर्पोरलने लिहिली. त्याने विचारलं, "पट्टे सोडून कशाला हात लावलास?"

आदल्या दिवशी सगळ्या तळासमोर माझी पाठ थोपटली होती. मी म्हणालो, "कशालाच नाही." आणि खाली सही केली. आमच्यातले निम्मे अंगठा लावायचे. मला सही येत होती, त्याचाही माज होता.

साहेबाचं उडणं बंद झालं. पुढे तो कुठे गेला ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात बुकित तिमाह भागातल्या एका कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटांच्या सोसायटीत, मराठी मंडळींचं जेवण होतं. मसालेभात झाल्यावर मुलगाच म्हणाला, "बाबा, ती विमानाची सांगा ना." मी सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साठीची एक बाई ताट घेऊन तशीच उभी होती. त्याच कॉन्डोत राहणारी. जवळ येऊन म्हणाली, "काका, विमानतळ कुठला?"

मी सांगितलं.

"त्या साहेबांच्या डाव्या भुवईत जुनी खोक होती?"

"होती."

तिने ताट खाली ठेवलं. "ते माझे बाबा. मी त्यानंतर दोन वर्षांनी झाले. बाबा मरेपर्यंत म्हणायचे, मी दांडा ओढला होता. आईसुद्धा म्हणायची, आता पुरे करा. काका, तुम्ही आत पाहिलंत. दांडा खाली होता का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मुलगा तर छाती फुगवून. मी म्हणालो, "धुरात काय दिसतंय, ताई."

परतताना टॅक्सीत मुलगा बोलला. तो जुरोंग आयलंडवर तेल-रसायनांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. "आमच्याकडे काही झालं की पहिला प्रश्न, कुणी कशाला हात लावला. तुम्हाला नाही विचारलं?"

"विचारलं."

"मग?"

"मग काय? मला शिकवतोस?"

पुढचे आठ-दहा दिवस मला जेवण गोड लागेना. नात म्हणाली, "आजोबा, स्टोरी नाही?" मी तिच्यावर ओरडलो. त्या पोरीचा काय दोष?

रविवारी छत्री घेऊन निघालो. मुलगा म्हणाला, "मी सोडतो."

"मला बस कळते," म्हटलं.

त्या बाईने दार उघडलं. "या काका, बसा."

"उभ्यानेच सांगतो," म्हणालो आणि सांगितलं. दांडा, गुडघा, जबानी, सही, सगळं. झाल्यावर ती म्हणाली, "दाखवा."

मी छत्री आडवी धरून टोक खाली केलं. "असा होता." मग तळहाताने वर लोटलं. "आणि मी असा केला."

तिने छत्री माझ्या हातातून घेतली, पुन्हा खाली केली आणि तशीच धरून राहिली. मग दुसऱ्या हाताने पुण्याला भावाला फोन लावला, स्पीकरवर.

"दादा, दांडा खाली होता."

"कोण म्हणतं?"

"ज्यांनी वर केला ते. माझ्यासमोर उभे आहेत."

भाऊ म्हणाला, "त्यांना म्हणावं, लिहून द्या."

"देतो," मी म्हणालो. "मराठीत देतो. पण या वेळी माझ्या हाताने."

तिने टेबलावर कागद आणि पेन ठेवलं. चहा विचारला नाही. मी खुर्ची ओढली आणि बसलो.