धरून ठेवलेली जागा

आपल्याकडे गाडीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात. मी मुलगी टाकली.

म्हणजे आधी रुमालच टाकून पाहायचो. पण चंदीगडला, सतरा सेक्टरच्या स्टँडवर, रुमालाला कोण विचारतो? लोक तो उचलून अदबीने परत द्यायचे आणि स्वतः बसायचे. सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. मी तिथे शाळेत मास्तर, बायको अंबाल्याला टेलिफोन खात्यात. पाच वर्षांची लेक माझ्यापाशी, कारण सांभाळणारे चांगले शेजारी चंदीगडचे. शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्ही दोघं तिच्या आईकडे.

त्या शनिवारी गर्दी अशी की मी लेकीला उचलून सरळ खिडकीतून आत दिली. आतल्या एका म्हाताऱ्या पंजाबी बाईने तिला झेललं.

"जागा धर हं, आलोच मी."

"पक्का," लेक म्हणाली. घरात मराठी बोलायचो आम्ही. ती उत्तरं हिंदीत द्यायची.

दाराशी पोचलो आणि आठवलं, पिशवी खालीच राहिली. तिच्यात सासूबाईंनी साताऱ्याहून पाठवलेला गोडा मसाला. तो न घेता अंबाल्याला जायची माझी छाती नव्हती. मागे फिरलो, पिशवी उचलली, वळलो तर बस फाटकाबाहेर.

मसाला सुखरूप होता.

फाटकापर्यंत धावलो. समोर स्कूटर-रिक्षा उभी होती, तिच्यात जाऊन पडलो. इतकी वर्षं मुलांना हिंदी शिकवणारा मी, त्या घडीला एक हिंदी शब्द सापडेना. "पोरगी! बस! पोरगी!"

रिक्षावाल्या सरदारजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "सामान रह गया, जी?"

मी नकाराची मान हलवली आणि खिडकीतून पोर आत द्यायची खूण करून दाखवली. त्यांचा हसरा चेहरा एकदम उतरला. त्यांनी रिक्षा पिटाळली. रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक पोरीत मला माझीच दिसत होती. ती घाबरून मध्येच उतरली असेल तर? कुणी उतरवून घेतली असेल तर? आणि तिच्या आईसमोर मी काय घेऊन उभा राहू, मसाला?

वाटेत डेराबस्सीच्या थांब्यावर बस उभी दिसली. आत शिरलो. माणसं दांड्यांना लोंबकळत होती आणि खिडकीशी एक जागा चक्क रिकामी. लेक तिच्यावर आडवे पाय पसरून बसली होती.

"किसी को नहीं दी," ती म्हणाली. "कितनी देर लगाई, पापा!"

"तू पिओ हैं एहदा? बाप हैं?" म्हातारी कडाडली. "मैं समझी, पिच्छे खड़ा होएंगा!" कंडक्टरचीही तीच समजूत. पूर्ण बस माझी जागा राखत आली होती, आणि बसमध्ये मी नव्हतो.

त्या जागेवर बसलो. लेकीला मांडीवर घेतलं की तिनेच मला धरलं, सांगता येणार नाही.

अंबाल्याला यातलं अवाक्षर काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. लेकीने चपला काढायच्या आत सगळं सांगितलं. बायकोने तिला उचलून घट्ट धरलं ते खाली ठेवीचना. मी पुढे केलेल्या पिशवीकडे तिने पाहिलंही नाही. मग म्हणाली,

"पुढच्या शनिवारी खिडकीतून तुम्ही जा. ती दाराने येईल."