भरमाचं काचेचं कुंपण

जांबोटीच्या रस्त्याला एक फार्महाउस आहे. मालक बेळगावात असतात आणि ते शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्याने देतात. राखण, झाडलोट, स्विमिंग पूलच्या पाण्यात पावडर टाकणं, सगळं भरमा बघतो. त्याची थोरली मुलगी स्वरूपा मागच्या उन्हाळ्यात त्याच पाण्यात बुडून गेली. धाकटी आता चालायला लागली आहे. भरमा आणि त्याची बायको बायाक्का कामात असले, की धाकटीच्या कमरेला जुनं लुगडं बांधून तिला खोलीच्या खांबाला अडकवून ठेवतात.

पूलला कुंपण घाला म्हणून भरमा तेव्हापासून मालकांच्या मागे लागला होता. मालक ढिम्म. मग मुलं पाण्यात जातील, कुंपण नाही म्हणून कुणा पाहुण्यांनी बुकिंग रद्द केलं आणि लगेच मला फोन आला. त्या मालकाचा विचार आला तरी माझं डोकं फिरतं, पण काम मी घेतलं. मी नागराज, वडगावचा. घरात सगळे मागावर साड्या विणणारे. मी एकटा मच्छ्याच्या कारखान्यांकडे जाऊन काचेच्या धंद्यात शिरलो.

भरमा सांगितलेलं करतो. हसत नाही, चिडत नाही. जेवलास का विचारलं तर 'व्हय' म्हणतो, आणि जेवलेला नसतो. मी एकदा चेष्टा करून पाहिली, "लग्नात तरी हसलतास काय रं?"

"हसलो असंल," म्हणाला आणि घमेलं उचलून निघून गेला. मग मी ती खोड सोडली.

पूलभोवतीचं काँक्रीट जुनंच ठेवायचं होतं. त्यात भोकं पाडायची, स्टीलचे खुंटे रोवायचे, सिमेंटचा मसाला भरायचा आणि खुंट्यांच्या खाचेत काच उभी करायची. जुन्या काँक्रीटचा भरवसा नसतो, म्हणून मी प्रत्येक खुणेवर हातोडीने ठोकून बघतो. कुंपणाचं फाटक जिथे बसणार होतं, त्या खुणेवर आवाज भद्द आला. वर मागाहून थापलेला सिमेंटचा पापुद्रा होता. छिन्नी लावली तर तो खपलीसारखा अख्खा निघाला.

खाली लहान मुलाचं पाऊल उमटलेलं होतं. पाचही बोटं स्पष्ट.

"स्वरूपाचं हाय," भरमा म्हणाला. काँक्रीट ओलं असताना कडेने पळताना तिचं एक पाऊल त्यात पडलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतलं, तेव्हा त्याने वरून सिमेंट थापलं होतं. "तिला दोन धपाटं बी घातलतो," तो म्हणाला. एरवी पावडर संपली म्हणून सांगतो त्याच आवाजात.

मी छिन्नी खाली ठेवली. "खुंटा वीतभर सरकवतो रं. हे ऱ्हाऊ दे. मालकाचं मी बघतो."

तो उकिडवा बसला. पावलावर हात ठेवील असं मला वाटलं. ठेवला नाही.

"सरकवला तर फाटक तेवढंच घट बसंल?"

खोटं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. "न्हाय," मी म्हणालो. "फाटकाचा सगळा भार ह्याच खुंट्यावर येतोय. सरकवला तर फुडंमागं फाटक खाली बसंल, कडी लागायची न्हाय."

"मग हितंच पाडा."

"भरमा, इचार कर जरा."

"धाकटीला किती दिस बांधून घालू, अण्णा?"

भोक पाडायच्या मशीनवर सारखं पाणी सोडावं लागतं. पाइप त्यानेच धरला. ठशातला मधला तळवा गोल कापून निघाला. टाच आणि बोटं उरली, पण तीही खुंट्याच्या बुडाशी बसणाऱ्या पट्टीखाली जाणार होती. पांढुरका गाळ वाहत गवतात गेला. भरमाने एकदाही नजर हलवली नाही. मशीन थांबल्यावर त्याने भोकात हात घालून आतली भुकटी काढली.

"भरा आता," तो म्हणाला.

मी तोंड फिरवून रडलो. तो पाइप गुंडाळत होता.