नातीच्या नावाचा अंक

निवृत्त होईपर्यंत मी सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये होतो. बाटलीवर नाव एकाचं आणि आत रक्त दुसऱ्याचं, असं कधी होऊ नये म्हणून चिठ्ठी पुन्हा पुन्हा बघायची सवय लागली, ती घरीही सुटली नाही. दूधवाला, गॅसवाला, फोनवर बँकेतून बोलतो म्हणणारा, सगळ्यांकडे मी तसंच बघतो. बायको म्हणते, "तुमाले देवळात प्रसाद देल्ला तरी आधी वास घेसान."

माझी मुलगी पुण्याला असते. तिला दोन मुलं, थोरली तिसरीत आणि धाकटा बालवाडीत. दिवाळीला ती वर्ध्याला आली होती, तेव्हा दोघंही फोनवर मान वाकवून बसलेली असायची. मी ठरवलं, आता वाढदिवसाला कपडे नाहीत, खेळणं नाही. वर्षभराचं मासिक लावून द्यायचं.

बसस्थानकाजवळच्या दुकानातून मुलांची मिळाली तेवढी मासिकं आणली. दुकानदार म्हणाला, "काका, सगळेच चांगले हायेत, कोणतंही घ्या." सगळंच चांगलं म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. घरी आलो, चष्मा पुसला आणि एकेक अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. एकात दात कसे जपावेत यावर लेख होता आणि त्याच्यासमोरच्या पानावर चॉकलेटची जाहिरात. दुसऱ्यात प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुणीतरी पोरगं आईबापाची माफी मागत होतं. तिसऱ्यात चित्रातले फरक शोधायचे होते. सांगितले होते तेवढे फरक मला सापडेनात. बायकोलाही दाखवलं, तिलाही सापडले नाहीत.

शेवटी एक साधं, जाड कागदाचं मासिक निवडलं. त्यातल्या गोष्टी उपदेश न करता संपत होत्या. धाकट्यासाठी चित्रं कापून चिकटवायचं एक घेतलं. कार्यालयात फोन केला तर पलीकडची बाई इतकं गोड बोलली की मी पत्ता तिच्याकडून परत वाचून घेतला. नातीला जो अंक जाणार, तोच वर्ध्याच्या पत्त्यावरही लावायला सांगितला.

"तुमच्याकडेही लहान मुलं आहेत का?" तिनं विचारलं.

"नाही. मी आहे."

माझा अंक वेळेवर यायला लागला. मी तो वाचून ठेवायचो आणि रविवारी पुण्याला फोन करून नातीला विचारायचो. ती दर वेळी एकच सांगायची, "छान आहे, आबाजी." धाकटा खरं बोलायचा. त्यानं वाघाचे पाय हत्तीला चिकटवले होते आणि ते मला फोनच्या कॅमेऱ्यात दाखवले. पण थोरलीचं ते 'छान आहे' मला पटेना. तिची शाळा इंग्रजी, मराठी नावापुरतं. अंक उघडत तरी होती का, की तिच्या आईनं बाजूला बसून बोलायला शिकवलं होतं?

एका अंकात विहिरीची गोष्ट होती. गावातली दोन घरं एका विहिरीवरून भांडतात आणि उन्हाळ्यात पाणी आटल्यावर तळाशी हरवलेली भांडी सापडतात, तेव्हा ती भांडी कुणाची यावरून पुन्हा भांडतात. गोष्ट मला आवडली होती. मी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "विहिरीच्या गोष्टीतल्या त्या कासवाचं काय झालं शेवटी?"

गोष्टीत कासव नव्हतंच.

ती म्हणाली, "त्याला पाणी आल्यावर परत सोडलं ना, आबाजी."

मी फोन ठेवला. बायको समोर पालक निवडत बसली होती. तिला म्हटलं, "पाह्यलं? अंक वाचतच नाई पोरगी. जे विचारलं त्याले हो म्हणून राह्यली."

"लेकरू हाय ते. आरोपी नाई," ती म्हणाली.

मी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, अंक येते. वाचतेत. तुमी काऊन एवढं विचारून राह्यले?" हे ऐकून तर माझी खात्रीच झाली की अंक पाकीट न फोडता रद्दीत जातो आहे. नेमकं तेव्हाच जावयाच्या भावाच्या घरी पुण्यात वास्तुशांत निघाली. एरवी मी टाळलं असतं. या वेळी तिकीट काढून गेलो. बायको गुडघ्यांमुळे आली नाही.

मुलीकडे पोचल्यावर हातपाय धुतले आणि मुलांच्या खोलीत गेलो. टेबलावर, खाली, पलंगाच्या खणात, कुठेही अंक नाही. बाहेर रद्दीची पिशवी होती, तीही वरवर चाळली. मुलीनं ते पाहिलं. तिनं चहा जरा आपटून ठेवला.

दुपारी मुलं शाळेतून आली. जेवणं झाली. मी बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर धरून आडवा झालो होतो, झोप नव्हती. गॅलरीतून आवाज आला. जावयाच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, तिथं खुर्चीवर बसल्या होत्या. त्या साताऱ्याकडच्या, आता लेकाकडेच राहतात. चौथीनंतर शाळा सुटली, असं त्यांनीच लग्नात सांगितलं होतं. मांडीवर या महिन्याचा अंक होता. त्या अक्षरांखाली बोट फिरवत सावकाश वाचत होत्या आणि माझी नात त्यांच्या पायाशी बसून ऐकत होती.

ती गोष्ट मी वर्ध्याला वाचून आलो होतो. एक शिंपी परगावी जातो, एवढंच त्यात. विहीणबाईंनी एक ओळ वाचली, बोट थांबवलं आणि म्हणाल्या, "आणि त्याच्या पिशवीत एक कासव हुतं."

मी उठून दारात गेलो. "विहीणबाई, इथं कासव नाही."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "नाही खरं. पण गोष्टीत जनावर नसलं की ही उठून जाती, भाऊ. मग मी एक घालती."

"विहिरीच्या गोष्टीतही घातलं होतं?"

"विहीर म्हटल्यावर कासव नको व्हय?"

फोनवर कासवाचा सापळा लावताना मीही मनात हेच म्हणालो असेन, विहिरीत कासव असतंच. पोरीनं फोनवर खोटं सांगितलं नव्हतं. तिनं ऐकली ती गोष्ट तशीच होती. तरी माझं समाधान होईना. छापलेलं एक आणि वाचलेलं दुसरं, हे मला पचेना. आणि खरं सांगायचं तर मला जरा लागलंही. मासिक मी निवडलं, आणि दुपारची ती गॅलरी दुसऱ्याच आजीची झाली.

नातीला म्हटलं, "पुढची ओळ तू वाच बरं."

तिनं अंक ओढून घेतला. जोडाक्षराशी अडली, पुन्हा मागे गेली, ओळ पुरी केली. मग मध्येच थांबली. "इथे आजी कासवाचं सांगते, पण ते लिहिलेलं नाहीये," ती म्हणाली. विहीणबाई हसल्या. अंक त्यांच्याच कपाटात साडीच्या घडीखाली असतात, धाकटा कापतो म्हणून, हेही त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "आता विहीणबाईवर नजर ठेवसान."

या वर्षी मासिक पुन्हा लावलं. मुलगी फोनवर म्हणते की आता थोरली अर्धी गोष्ट स्वतः वाचते आणि आजी फक्त कठीण शब्द सांगते. असेलही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं नातवंडं इकडे येणार आहेत, तेव्हा थोरलीला समोर वाचायला बसवून बघेन.