सासूबाईंचे तळपाय

हिची केमो सुरू झाली तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण काही ना काही औषध सांगून जायचा. कोणी कसल्याशा पानांचा रस, कोणी डोंगरातल्या बाबाचं चूर्ण. एकाने तर मोबाइलवर व्हिडिओच दाखवला आणि म्हणाला, "बघा वहिनी, मुळासकट गेला." ही सगळ्यांचं ऐकून घ्यायची. माणूस जिन्यावरून खाली गेला की मला म्हणायची, "अहो, एवढी औषधं होती तर मी आजारी पडलेच कशाला?"

आम्ही माजिवड्याला राहायचो. मी अजून तिथेच राहतो. एका कंपनीत ड्रॉइंग्ज करायचं माझं काम, आजारापर्यंत हीसुद्धा ऑफिसात जायची, मूलबाळ नाही, घरात दोघंच. हिचं माहेर खडवलीचं. आजाराचं कळल्यावर सासूबाई तिथलं घर शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून आल्या. "आठ दिवस राहते," म्हणाल्या होत्या. मग त्या आठ दिवसांचा विषय कोणी काढला नाही.

कल्याणच्या वैद्यबाईंकडे आम्हाला सासूबाईंनीच नेलं. सासूबाईंच्या गुडघ्यांना बरीच वर्षं या बाईंचंच तेल चालू होतं. मी नाराजीनेच गेलो होतो. वाटलं, इथेही आता मुळासकट ऐकायला मिळणार.

वैद्यबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी हिचे सगळे रिपोर्ट वाचले, नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाल्या, "एक आधी सांगते. कॅन्सर मी बरा करणार नाही. कोणी करतो म्हणालं तर तिथून उठून यायचं. केमो सोडायची नाही. आणि तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझीसुद्धा एक पुडी पोटात घ्यायची नाही."

"मग आम्ही इथे कशासाठी आलोय?" मी जरा तिरकसच विचारलं.

त्या रागावल्या नाहीत. हिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. ती बोलायलाच लागली. तोंड येतं, पाणीसुद्धा झोंबतं. झोप लागत नाही. अन्नाचा वास नको होतो. आणि भीती वाटते, ती इथे, छातीत, दगडासारखी बसते. मी शेजारी बसून ऐकत होतो. यातलं निम्मं मलाही नवीन होतं.

"यातलं थोडं थोडं आपण हलकं करू," वैद्यबाई म्हणाल्या. "आयुर्वेद म्हणजे नुसती पुडी नव्हे. माणूस कधी उठतो, काय खातो, कोणाबरोबर खातो, कसा झोपतो, मनात काय घेऊन झोपतो, ते सगळंच त्यात येतं. योगाचंही तसंच. तुम्हाला मी डोकं खाली पाय वर करायला लावणार नाही."

हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांची हरकत नव्हती. मग घरात भाताची पेज आणि मुगाचं कढण सुरू झालं. तोंड आलं की ती साजूक तूप तोंडात धरून बसायची. वैद्यबाईंच्या दवाखान्यामागे एक हॉल होता, तिथे त्या सकाळी योगाचा वर्ग घ्यायच्या. अंगात बळ असेल त्या दिवशी मी हिला तिथे नेऊ लागलो. खुर्चीत बसून हातपाय हलवायचे, मान वळवायची, शेवटी भ्रामरी. कान बंद करून भुंग्यासारखा गुणगुणत श्वास सोडायचा. हिला ते फार आवडलं. घरीही ती ते करायची. आतल्या खोलीतून तो आवाज आला की स्वयंपाकघरात सासूबाई हातातलं काम थांबवून उभ्या राहायच्या.

तिला बरं वाटत होतं हे खरं. चार घास जायचे, दुपारची झोप लागायची. एकदा म्हणाली, "दगड तिथेच आहे हो. पण त्याच्या बाजूने श्वास जायला आता वाट झालीय."

आजार मात्र पसरत गेला. श्रावणात ती गेली.

शेवटच्या सकाळी ती शुद्धीवर होती. मी तिचा हात धरला होता, सासूबाई उशाशी होत्या. तिने आमच्या दोघांकडे पाहिलं. आम्ही दोघंही तिच्याकडेच बघत होतो, एकमेकांकडे नाही. पुढेही बरेच महिने आमचं तसंच चालू राहिलं.

तेराव्यानंतर नातेवाईक पांगले. सासूबाई खडवलीला जातील असं मला वाटलं होतं. त्या गेल्या नाहीत. मीही जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. त्या पहाटे उठून स्वयंपाक करायच्या, माझा डबा भरायच्या. संध्याकाळी मी आलो की ताट वाढून देवासमोर जाऊन बसायच्या. मी टीव्ही लावून जेवायचो. त्या कधी जेवायच्या, काय जेवायच्या, मला पत्ता नव्हता. घरात बोलणं एवढंच व्हायचं: "गॅस संपत आलाय." "बरं."

त्या रडल्या नाहीत. मीही नाही. मला वाटायचं, त्यांच्यासमोर मी रडलो तर त्यांचा बांध फुटेल. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार. माझी मान आखडून गेली, जेवलं की घशाशी यायचं. त्या तर इतक्या वाळल्या की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. तळपायांची आग होते म्हणून रात्री गार फरशीवर पाय टेकून बसायच्या.

एक दिवस चक्कर येऊन त्या बेसिनपाशी बसल्या. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, अशक्तपणा आहे म्हणून गोळ्या दिल्या, "खायला घाला," म्हणाले. पण खायला घालायचं कसं? शेवटी मीच म्हटलं, "आई, वैद्यबाईंकडे जाऊ या का?"

दवाखान्याच्या दारात त्यांचे पाय अडखळले. आत ही बसायची ती खुर्ची तशीच होती. वैद्यबाई उठून पुढे आल्या, त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं आणि दुसऱ्याच जागी बसवलं.

"काय जेवता?" त्यांनी विचारलं.

"जेवते की."

"कोणाबरोबर?"

सासूबाई पदराचं टोक सारखं करत राहिल्या. वैद्यबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

"टीव्ही असतो," मी म्हणालो. म्हणताना माझं मलाच कसंतरी झालं.

त्यांनी आम्हाला उपदेश केला नाही. तूप-मेतकूट भात सांगितला, पचायला हलकं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. मग म्हणाल्या, "संध्याकाळी एकाच वेळी, एकत्र बसून जेवायचं. बोललं नाही तरी चालेल. आणि यांच्या पायांची आग होते ना, तर यांच्या तळपायांना काशाच्या वाटीने तेल लावायचं. दुसऱ्याने लावायचं, स्वतः नाही."

"कोण लावणार?" सासूबाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांच्या लक्षात आलं. "छे, छे! जावयाने पायाला हात लावायचा? नरकात जाईन मी."

रिक्षात त्या तोंड फिरवून बसल्या. घरी आल्यावर त्यांनी मऊ भात केला, दोन ताटं घेतली. आम्ही जेवलो. एकमेकांसमोर बसून जेवणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. कुठे बघायचं तेच कळत नव्हतं.

जेवण झाल्यावर मी तेल कोमट करून आणलं. वाटी वैद्यबाईंनीच दिली होती. खाली बसलो.

"जावईबापू, उठा बघू तिथून."

"आई, दिवाळसणाला तुम्ही मला पाटावर बसवून तेल लावलं होतंत."

"तो मान होता तुमचा."

"मग हा तुमचा."

त्यांनी पाय आखडून घेतले. मी वाटी घेऊन तसाच बसून राहिलो. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला आणि उजवा पाय हळूच पुढे केला, जणू आपण पाहिलं नाही म्हणजे ते घडलंच नाही.

त्या तळपायाला इतक्या भेगा होत्या की वाटी अडखळत होती. टाचेवरून बोटांकडे मी तेल चोळत गेलो. हळूहळू वाटीखालचं तेल काळपट झालं. ती उष्णता बाहेर पडते असं लोक म्हणतात. खरं काय ते मला ठाऊक नाही. मला एवढंच दिसलं की त्या पायाची बोटं, जी मुठीसारखी आवळलेली होती, ती एकेक करून सैल पडली. आणि पदराआडून आवाज आला. आधी हुंदका, मग मोठ्याने. खेड्यातल्या बायका मोकळ्या अंगणात रडतात तशा त्या रडल्या, हिचं लहानपणचं लाडाचं नाव घेऊन. मी पाय सोडला नाही. माझंही नाक-डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही तेलाचे.

रडणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "दुसरा राहिला." आणि डावा पाय पुढे केला.

त्यानंतर हे रोजचंच झालं. तेल लावताना त्या बोलायच्या. ही लहानपणी कशी नदीवर जायची, कशी खोटं बोलून आंबट चिंचा खायची. मी त्यांना हिचं ऑफिसातलं वागणं सांगायचो, आम्हा दोघांची भांडणं सांगायचो. एका भांडणात माझी चूक नव्हती असं त्यांनी ठामपणे ठरवलं, तेव्हा आम्ही हसलोसुद्धा. मी कल्याणच्या वर्गाला सुट्टीच्या सकाळी जाऊ लागलो. माझं शरीर लाकडासारखं झालेलं. पुढे वाकलो तर हात गुडघ्यांपर्यंतच पोचायचे. वैद्यबाई म्हणायच्या, "जिथवर जातात तिथवर. तिथे थांबा आणि श्वास घ्या." मला तेवढंच जमत होतं आणि तेवढं पुरत होतं. मान सुटली. झोप येऊ लागली. हिची आठवण कमी झाली नाही. पूर्वी ती अंगावर कोसळायची, आता येऊन शेजारी बसते. दुखतं मात्र तेवढंच.

फाल्गुनात सासूबाई म्हणाल्या, "मी आता जाते खडवलीला."

मला वाटलं, माझं काही चुकलं. तसं मी विचारलंही.

"नाही हो. पाय बरे झाले, चालवतंय आता." मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, इथे मला ती आजारीच दिसते. या खोलीत, त्या खुर्चीत. तिकडे ती लहान आहे. परकर नेसून अंगणात हिंडते. तेवढी मला झेपते."

मी त्यांना पोचवायला गेलो. दार उघडल्यावर बंद घराचा वास आला. त्यांनी आधी खिडक्या उघडल्या, मग झाडू घेतला. मी विहिरीवरून पाणी आणून दिलं. शेजारच्या बायका येऊन त्यांच्याभोवती बसल्या आणि एकीने त्यांच्या हाताला हात लावताच त्या पुन्हा रडल्या, पण या वेळी घाई न करता, आपल्या माणसांत बसून. मी अंगणात उभा होतो. मला तिथे काही काम उरलं नव्हतं.

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी नेहमीसारखे पाय मागे घेतले नाहीत.

घरी आल्यावर मी मुगाची खिचडी टाकली. टीव्ही लावला नाही. ताट घेऊन खिडकीपाशी बसलो. खाली हायवेवर गाड्या जात होत्या. पहिला घास घशात अडकला. मी थांबलो, श्वास घेतला, आणि जेवलो.